कुंपणावरचा वेल

इंजिनियर माणसाला झाडाझुडपांतलं काही कळत नाही, यावर आमच्या घरात आप्पा, आई आणि बायको यांचं एकमत आहे. एरवी ह्या तिघांचं एकमत होणं म्हणजे दुर्मिळ योग. इतकी वर्षं मी त्याविरुद्ध हिरिरीने भांडत आलो. आता भांडत नाही. का, ते सांगतो.

आम्ही राहतो इंडियाना राज्यात, साधारण मध्यावर. शिकागोहून दक्षिणेला गाडी काढली की तीनेक तास दोन्ही बाजूंना मका नि सोयाबीन, सोयाबीन नि मका. चढ नाही, उतार नाही. चंदगडच्या डोंगरउतारावर वाढलेल्या माणसाला पहिली दोन वर्षं इथे नजर कुठे टेकवावी तेच कळत नाही. मी इथेच डॉक्टरेट केली आणि इथेच एका प्रयोगशाळेत रिसर्च इंजिनियर म्हणून चिकटलो. इंजिनावर बसवलेले सेन्सर कधी आणि का खोटं बोलतात ते शोधून काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. हे लक्षात ठेवा, पुढे माझीच फजिती होणार आहे.

अपार्टमेंटमध्ये बरीच वर्षं काढल्यावर आम्ही मागे अंगण असलेलं घर भाड्याने घेतलं. शेतकऱ्याचा मुलगा असल्याची खाज होतीच. शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवरून कारल्याच्या आणि दोडक्याच्या बिया आणल्या, काठ्या रोवून मांडव केला.

शेजारी एक आजोबा राहतात. ऐंशीच्या पुढचे. जन्मभर मका-सोयाबीनची शेती केली, गुडघे गेल्यावर शेत विकून गावात राहायला आले. आजी आम्ही इथे येण्याआधीच वारल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे आजोबांना नावाने हाक मारायची असते. बारा वर्षं झाली तरी माझी जीभ वळत नाही, त्यामुळे मी 'हॅलो' म्हणून वेळ मारून नेतो. मनात मात्र ते आजोबाच.

त्यांच्या-आमच्यामध्ये जाळीचं कुंपण आहे आणि त्या कुंपणावर एक वेल होता. बदामी आकाराची पानं, जांभळट देठ, जाळीला घट्ट पिळे घातलेले. जुलैच्या शेवटी त्याचे शेंडे आमच्या कारल्याच्या मांडवापर्यंत पोचले. मी रोज संध्याकाळी सहाला घरी आलो की बघायचो. फुलं म्हणाल तर मिटलेल्या छत्रीसारख्या पांढऱ्या सुरळ्या.

आता इकडच्या शेतकऱ्यांपुढे 'बाइंडवीड' हा शब्द काढून बघा. आपल्याकडे काँग्रेस गवताचं नाव घेतल्यावर होतो तसा चेहरा होतो. ह्या तणाची मुळं सहा मीटरपर्यंत खोल जाऊ शकतात, बी पन्नास वर्षं मातीत जिवंत राहू शकतं, आणि मुळाचा बोटाएवढा तुकडा राहिला तरी त्यातून नवा वेल फुटतो. मी हे सगळं वाचलं आणि हादरलो. फोनमधल्या ॲपला पानांचे नि सुरळ्यांचे तीन फोटो दाखवले. उत्तराच्या यादीत पहिलंच नाव: बाइंडवीड.

झालं! फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "आज याचा निकाल लावतो." आमची शनिवारची रात्र म्हणजे आप्पांची रविवारची पहाट, साडेपाच. आप्पा तेव्हा चहा घेऊन पडवीत बसलेले असतात. त्यांचा लगेच आवाजी मेसेज आला.

"रताळ्याचा वेल दिसतोय की रे. कशाला उपटतोस?"

मी हसण्याची दोन चित्रं पाठवली आणि लिहिलं, "आप्पा, इथे कुंपणावर रताळी येत नाहीत." पीएचडी झालेला माणूस, त्याला ॲपने सांगितलंय!

त्या संध्याकाळी मी वेल बुंध्याशी कापला, जाळीतून ओढून काढला आणि बागेच्या कचऱ्यासाठी मिळते त्या कागदी पिशवीत कोंबला. आजोबा मुलीकडे गेले होते. आल्यावर त्यांना स्वच्छ कुंपण बघून बरं वाटेल, असंही मनात येऊन गेलं.

सकाळी खोरं घेऊन बाहेर आलो तेव्हा पिशवीच्या तोंडाशी दोन फुलं उमललेली दिसली. रात्री कापलेल्या वेलावरच्या कळ्या, वेळ झाली म्हणून उघडल्या होत्या. चांगली मोठी, पांढरीशुभ्र, आणि आत घशाशी गडद वाइनचा रंग. मी तो वेल महिनाभर बघत होतो, पण त्याचं फूल उघडलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. छान आहे की, असं म्हणून मी खणायला लागलो. हे मला आजही नीट पचलेलं नाही.

बाइंडवीडची मुळं पांढरी, दोरीसारखी असतात. हातभर खाली खोरं कशात तरी गचकन घुसलं. माती हाताने बाजूला केली तर खाली मनगटाहून जाड, तपकिरी सालीचं मूळ सरळ पाताळात गेलेलं. खोऱ्याने त्याचा एका बाजूचा लचका काढला होता आणि तिथून दुधासारखा चीक येत होता. तो बोटांना लागला, चिकट. आणि मंडळी, त्या क्षणी मला ॲप नको होतं, पुस्तक नको होतं. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शेतात रताळी काढताना हाताला लागायचा आणि दोन-दोन दिवस काळा डाग ठेवून जायचा, तोच हा चीक.

आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. 'मी म्हटलं नव्हतं?' असं ते म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माती लोट परत. दाबू नको जास्त. आणि पाणी घालत बसू नको, जखम कुजेल."

तर त्या वेलाचं इथलं नाव 'वाइल्ड पोटॅटो व्हाइन'. शास्त्रीय नाव आयपोमिया पांडुराटा. पांडुराटा म्हणजे फिडलच्या आकाराचा, कारण काही पानं मध्ये चिंबलेली असतात. अमेरिकेच्या पूर्व भागातला अस्सल स्थानिक वेल. ह्याचं मूळ दहा किलोच्या वर जाऊ शकतं, म्हणून लोक त्याला 'मॅन ऑफ द अर्थ' असंही म्हणतात. इथले मूळ रहिवासी ते शिजवून खात. आणि आपलं रताळं म्हणजे आयपोमिया बटाटास. एकाच कुळातले नव्हे, एकाच प्रजातीतले भाऊ. आप्पांनी अमेरिकेत कधी पाऊल टाकलेलं नाही आणि हजारो मैलांवरून त्यांनी फक्त पान नि देठ बघून भाऊबंदकी ओळखली होती.

आजोबा सोमवारी आले. मी रविवारभर वाक्यं जुळवत होतो, ती सगळी विसरलो. सरळ कुंपणाशी गेलो आणि सांगितलं, तुमचा वेल मी तण समजून कापला, मूळही दुखावलं.

ते जाळीला हात लावून उभे राहिले. मग हळूहळू बोलले. त्यांच्या शेताच्या बांधावर हा वेल होता आणि ते जवळजवळ चाळीस वर्षं तो खणून काढत होते. आजींना तो आवडायचा. सकाळी गाई-बैलांचं... नाही, इथे बैल नाहीत, कोंबड्यांचं आवरून त्या बांधावर फुलं बघायला जायच्या. शेत विकलं तेव्हा त्यांनी बांधावरच्या वाळक्या बोंडांतलं बी कागदाच्या पुडीत आणलं. साल कठीण असते म्हणून एकेका बीला चाकूने छेद दिला, रात्रभर पाण्यात भिजवलं आणि ह्या कुंपणाखाली पेरलं. "मी म्हणालो, जन्मभर जे उपटलं ते आता पेरतेस? त्यावरून आमचं भांडण झालं होतं," आजोबा म्हणाले.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "उगवेल. त्याला मारणं इतकं सोपं असतं तर मी केव्हाच मारला असता."

पण ते हसले नाहीत, आणि संपूर्ण सप्टेंबरभर सकाळी अंगणात आले नाहीत.

इंडियानाचा हिवाळा लांबलचक असतो आणि अपराधी माणसाला तर आणखीच लांब वाटतो. मी त्या हिवाळ्यात वेल ओळखायला शिकलो. जे शिकलो ते सांगतो, कारण त्यातली एक गोष्ट आपल्याकडेही कामाची आहे.

आधी मला वाटलं, इंजिनियरच्या डोक्याने पीळ बघून ओळखू. कुठला डावा, कुठला उजवा. तर हे सगळे भोंगाफुलवाले वेल एकाच दिशेने चढतात, आपल्या नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखे! संशोधन तिथेच संपलं.

मग पानं. पानांवर तर अजिबात जाऊ नका. 'आयव्हीलीफ मॉर्निंग ग्लोरी' नावाचा वेल इथे सोयाबीनमध्ये भरपूर. त्याचं पान तीन बोटांचं असतं म्हणून त्याला ते नाव. पण त्याचाच एक प्रकार असा आहे की ज्याचं पान चक्क अखंड बदामी! आणि 'टॉल मॉर्निंग ग्लोरी'चं पानही बदामीच. तेव्हा दोघांच्या देठावरची लव बघायची. पहिल्याची ताठ उभी, दुसऱ्याची अंगाला चिकटून पडलेली.

रंग? तोही फसवतो. आयव्हीलीफचं फूल सकाळी आभाळासारखं निळं, कोमेजताना जांभळट-गुलाबी. बागेतल्या 'हेवनली ब्लू' जातीत उलटं, कळी लालसर नि फूल निळं. रंगद्रव्य तेच राहतं. उमलताना पाकळीच्या पेशींतल्या रसाचा पीएच ६.६ वरून ७.७ वर जातो आणि लाल होतं ते निळं दिसतं. शाळेतल्या लिटमस पेपरचीच गंमत.

तर मग बघायचं काय? क्रमाने सांगतो.

पहिलं, पानं समोरासमोर आहेत का? असतील तर तो मॉर्निंग ग्लोरी नव्हेच. इथे बहुधा तो हनीव्हाइन निघतो, आपल्या रुईच्या कुळातला, आणि मोनार्क फुलपाखराच्या अळ्या त्याच्यावर जगतात. दुसरं, पान जिथे फुटतं त्या पेऱ्यावर कागदासारखी पातळ बाही आहे का? असेल तर तो रानटी बकव्हीट, आपल्या कुट्टूचा नातलग. त्याला भोंग्यासारखं फूल येतच नाही, हिरवट बारीक तुरे येतात.

भोंगा असेल तर फुलाच्या तोंडाकडे बघू नका. फूल उलटं करा आणि मागे बघा. बुडाशी पानांसारखी दोन मोठी छदं निदलांना झाकून बसली असतील तर ते हेज बाइंडवीड. छदं बारीक, आणि फुलापासून बोटाच्या पेराएवढी खाली देठावर असतील, फूलही जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं असेल, तर ते खरं दुष्ट फील्ड बाइंडवीड. ह्या दोन्हींपैकी काही नसेल तर आत डोकवा. कुक्षी, म्हणजे फुलाच्या मधल्या काडीचं टोक, दोन फाट्यांत विभागलं असेल तर बाइंडवीड, आणि टाचणीच्या डोक्यासारखं गोल असेल तर आयपोमिया. आयपोमियातही फूल मोठं पांढरं, घसा वाइनच्या रंगाचा आणि निदलं गुळगुळीत, लव अजिबात नाही, असं असेल तर... तर खोरं खाली ठेवा.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. माझे तिन्ही फोटो संध्याकाळचे होते, फुलं मिटलेली, मागची बाजू एकातही नाही. ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या जागी फरक दिसतो त्या जागेचं मोजमाप मी त्याला दिलंच नव्हतं. प्रयोगशाळेत एखाद्या ज्युनियरने असं केलं असतं तर मी त्याला तासभर लेक्चर दिलं असतं. आप्पांनी मात्र मला विचारलं होतं, 'कशाला उपटतोस?' त्याचं उत्तर शोधायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फक्त एकदा अंगणात जायला हवं होतं. मॉर्निंग ग्लोरी हे नावच सांगतं ना, की सकाळी ये म्हणून!

ही मंडळी आपल्याकडे कमी नाहीत बरं. कंगव्यासारख्या पानांचा, लाल चांदण्यांचा गणेशवेल यातलाच. ओढ्याकाठची बेशरम यातलीच. कोकणात किनाऱ्यावरच्या वाळूत पसरते ती मर्यादवेल, पाणथळीतली नाळीची भाजी, ही सगळी आयपोमिया. आणि मी ज्याच्या धाकाने खोरं उचललं ते फील्ड बाइंडवीड म्हणजे आपली शेतातली चांदवेल! मूळची युरोप-आशियातली, अमेरिकेत तिची पहिली नोंद १७३९ सालची, व्हर्जिनियातली. उलट गणेशवेल, बेशरम आणि आपलं एकादशीचं रताळं हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. म्हणजे आप्पा ज्याला रताळ्याचा वेल म्हणाले त्यात त्यांचं चुकलं नाही, फक्त रताळं त्यांना भेटायला आधी आलं होतं. कोण मूळचं आणि कोण उपरं यावर इथे एक मोठा परिच्छेद लिहिता आला असता, व्हिसावर राहणाऱ्या माणसाला तो मोह होतोच. पण वेलाला व्हिसा नसतो. असो.

मार्च गेला, एप्रिल गेला. मे महिन्यात सगळ्या गावाचं तण उगवलं, कुंपणाखाली काही नाही. आप्पा दर रविवारी विचारायचे, "आला का?" मी म्हणायचो, नाही. ते म्हणायचे, "गड्डा मोठा आहे, घाई करत नाही." आजोबा काही विचारायचे नाहीत. पण त्यांच्या बाजूने कुंपणाजवळचं गवत यंत्राने कापायचं ते थांबले होते. हातभर पट्टा तसाच वाढू दिलेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी बायकोने हाक मारली. मातीतून तीन जांभळट कोंब वर आले होते. मी गुडघ्यावर बसून पाहिलं, आणि खरं सांगतो, लगेच 'तोच आहे' म्हणायची हिंमत झाली नाही. एकदा चुकलेला माणूस. पानं उघडेपर्यंत चार दिवस थांबलो, मग जाळीवरून आजोबांना बोलावलं. त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी ऐकलं नाही. मी एक कोंब जरा वर उचलून धरला. त्यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले, "हं."

इंडियानाच्या शेतकऱ्याचं 'हं' आणि चंदगडच्या शेतकऱ्याचं 'हं' यात काहीही फरक नसतो, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो.

ऑगस्टमध्ये पहिलं फूल आलं. आता मी सव्वासहाला उठतो. आजोबा त्यांच्या बाजूला कॉफी घेऊन, मी माझ्या बाजूला चहा घेऊन. फारसं बोलणं होत नाही. यंदा पाच-सातच फुलं आली, पूर्वी ढिगाने यायची असं ते म्हणाले. बोचलं, पण खरं तेच आहे. एक दिवस माझ्याच कारल्याच्या बुडाशी एक छोटा वेल दिसला, फूल नाण्याएवढं. मी फूल उलटं केलं, देठावर खाली दोन बारीक छदं. आजोबांना दाखवलं. त्यांनी मान हलवली, मगच मी तो काढला. मुळासकट निघाला नसणार, पुन्हा येईल. आला की पुन्हा बघू.

आप्पांना फुलाचा फोटो पाठवला, या वेळी पुढून, मागून, आतून, सगळीकडून. ते म्हणाले, "बी धरलं की पाठव थोडं." त्यांना कस्टम आणि क्वारंटाइनचे नियम समजावून सांगितले. त्यावर त्यांचं उत्तर, "मग रताळं कसं आलं?"

तेव्हा मंडळी, पावसाळ्यात एखाद्या कुंपणावर भोंग्यासारखं फूल दिसलं तर जरा थांबा आणि ते उलटं करून बघा. सकाळी बघा. आणि आप्पांच्या प्रश्नाला उत्तर सुचलं तर मलाही कळवा. मी अजून दिलेलं नाही.